वॉचमन उचलतो ना, मग रॅम्प कशाला?

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला एका फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या माळ्यावर राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार आहे, दोन-तीन वर्षांपासून व्हीलचेअर वापरतो. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत. शाळेत जाता-येता वॉचमनदादा त्याला उचलून देतात. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर हाच मुलगा लिफ्टने एकटा फलाटावर जातो. रॅम्पचा विषय काढला तर आमचे सेक्रेटरी म्हणाले, "वॉचमन उचलून देऊन राहिला ना, मग कशाला? दोन गाड्यांची जागा जाईल अन् एंट्रन्सचा लूकही बिघडेल." आता मुलगा म्हणतो, मला कोणी उचलायचं नाही, मी खालीच येत नाही. कायद्याने काही होतं का, की शेजाऱ्यांशी वाकडं घेऊ नये?
– एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते मुलाचं बोलणं. मिसरूड फुटायच्या वयातल्या पोराला रोज दोनदा, स्कूटर काढणाऱ्या शेजाऱ्यांसमोर, दुसऱ्याच्या हातांवरून जावं लागतं. तो 'नाही' म्हणतो यात हट्ट नाही. वॉचमनदादांची माया खरी आहे, पण ते गावाला गेले की याची शाळा बुडणार.

मी लहानपणापासून पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी घालते. बँकेत होते तेव्हा जिन्याला कठडा नव्हता, शिपाईदादा हात द्यायचे. आमचं बोलणं 'सांभाळून हं' आणि 'थँक्यू' यापुढे जात नसे. एका मॅनेजरसाहेबांनी कठडा लावून घेतला, आणि मग आम्ही शिपाईदादांच्या काटोलच्या संत्र्याच्या बागेबद्दल बोलायला लागलो. बहार कसा धरला, पाणी पुरलं का, सगळं. माझी मदत करण्यातून ते सुटले म्हणून आमची ओळख झाली.

एक गोष्ट आजच वॉचमनदादांना सांगा. या आजारात खांद्याचे स्नायू दुबळे होतात. काखेत हात घालून उचललं की खांदे वर सरकतात आणि मूल हातातून निसटतं. एक हात पाठीमागून आणि एक गुडघ्यांखालून हवा, तोही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला. 'उचलतो ना' हे बोलायला सोपं आहे, पडलं तर हाड त्याचं मोडणार.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी २१ प्रकारांच्या यादीत आहे. 'खासगी आस्थापना' या व्याख्येत सहकारी सोसायट्या आणि असोसिएशन स्पष्ट लिहिलेल्या आहेत, त्यामुळे 'आमची खासगी स्कीम आहे' म्हणून सुटता येत नाही. वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, असंही त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, सक्तीचे किमान नियम करा. आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या, युडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा, पोच घ्या. लेखी नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. हक्काचं लेखी मागणं म्हणजे वाकडं घेणं नव्हे.

मीटिंगला मात्र माप घेऊन जा. एक इंच उंचीला एक फूट लांबी, हा रॅम्पचा हिशेब. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा इंच, म्हणजे अठरा फूट रॅम्प. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट जागा सोडून काटकोनात वळवता येतो. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वर लिफ्टच्या दारासमोर खुर्ची वळेल एवढी पाच फूट सपाट जागा. चकचकीत ग्रॅनाइट अजिबात नको, पावसाळ्यात ओल्या चाकांनी घसरतं; खडबडीत कोबा करा. कोणी पायऱ्यांवर फळी टाकू म्हणालं तर ठाम नाही म्हणा. तो उतार नाही, घसरगुंडी आहे.

खर्च मेंटेनन्समधून, लिफ्टचा होतो तसाच. 'आम्हीच देतो' असं घाईने म्हणू नका.

लोक तुम्हाला सुचवतील की म्हाताऱ्यांना उपयोग होईल, सिलिंडर चढवायला बरं पडेल, असं पटवा. तेही सांगा, पण शेवटी. या दारातून एका मुलाला शाळेत जायचं आहे, एवढं कारण मला पुरेसं वाटतं आणि मीटिंगमध्येही ते आधी यावं. मीटिंग पार्किंगमध्येच ठेवा. मुलाला यायचं का, बोलायचं का, हे त्यालाच विचारा. नको म्हणाला तर त्याच्या आजाराची कहाणी तिथे सांगू नका. रॅम्प मागायला ती लागत नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला ऐकू येत नाही. ओठांवरून थोडं समजतं. घरात सगळे तिच्याशी ओरडून बोलतात, तरी हळदीकुंकवाला ती कोपऱ्यात एकटीच बसलेली असते. काय करू?
– महाल भागातली एक वाचक

उत्तर : ओरडणं आधी थांबवा, त्याने ओठ वेडेवाकडे होतात. खिडकीकडे पाठ करून बोलू नका, चेहरा काळा दिसतो. उजेड तुमच्या तोंडावर हवा आणि एका वेळी एकीनेच बोलायचं. सगळ्याजणी हसल्या आणि तिने 'काय झालं?' विचारलं, तर 'काही नाही गं, नंतर सांगते' म्हणू नका. तेव्हाच सांगा, नाहीतर कागदावर लिहून द्या. आणि खुणा शिका. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, पण पहिली शिक्षिका तीच. घरातल्या प्रत्येकासाठी तिने एक खूण नक्की ठरवलेली असेल. तुमची कोणती, ते विचारा.