चित्राला चार तास बसते, मग अभ्यासाला का नाही?

"मॅडम, हिचं लक्ष लागत नाही हे मला पटतच नाही. शिवडीच्या जेट्टीवर चार-चार तास चित्र काढत बसते. चहा नको, मोबाइल नको, हाक मारली तरी ऐकू जात नाही. आणि पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत तीनदा उठते. याला आजार म्हणायचा की आळस?"

परळला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीतली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मानसोपचारतज्ज्ञांनी नुकतंच एडीएचडीचं ('अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर', म्हणजे लक्ष आणि चंचलता आवरणं कठीण जाण्याचं) निदान केलं होतं, पण आईच्या ते गळी उतरत नव्हतं. रागाच्या भरात तिने रंगपेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. फक्त चित्राच्या जागी कधी क्रिकेट असतं, कधी मोबाइलवरचा गेम. घोळ नावापासूनच होतो. 'अटेन्शन डेफिसिट' म्हटलं की वाटतं, लक्षाचा साठाच कमी आहे. साठा असतो हो, लगाम हातात नसतो. आवडीचं, नवं, केल्याबरोबर काहीतरी दाखवणारं काम लक्ष ओढून घेतं. तिथून ते सोडवणंही तितकंच कठीण जातं. म्हणून तर हाक ऐकू जात नाही. तेव्हा चार तास बसते म्हणून एडीएचडी नाही, असं ठरत नाही. बसते म्हणून आहे, असंही नाही. निदानासाठी हिच्या वयाला लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा, सहा महिने तरी, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांच्या खुणा १२ वर्षांच्या आधीपासूनच्या असाव्या लागतात. हिच्या दुसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा होता: 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.' धिंगाणा घालणारा मुलगा लगेच नजरेत भरतो. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी 'वेंधळी' म्हणून वर्षानुवर्षं खपून जाते.

माझी पहिली चूक सांगते. मी तिला वेळापत्रक करायला लावलं. तिने ते केलं, विषयवार रंग देऊन, कडेला वेलबुट्टी काढून, अख्खी संध्याकाळ घालवून. भिंतीवर लावलं आणि पुन्हा कधी त्याकडे पाहिलं नाही. मग म्हटलं, बाई, तू रंगपेटी घेऊनच ये. आईने कुलूप काढलं, नाखुशीनेच.

"वर्गात बसल्यावर कसं वाटतं, ते शिवडी काढून दाखव," एवढंच मी म्हणाले.

पुढच्या वेळी तिने दोन कागद आणले. पहिला नेहमीसारखा. ओहोटीचा चिखल, पुढे तिवरं, त्यामागे फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ, आणि लांब अटल सेतू, भरपूर पाण्यातल्या फिक्या निळ्याने जेमतेम उमटलेला. लांबचं फिकं, जवळचं गडद. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळवलेल्या मुलीला हे काय सांगायचं!

दुसऱ्या कागदावरही तेच सगळं होतं. पण सेतूचे खांब तिवरांइतकेच काळे. प्रत्येक फ्लेमिंगो वेगळा, चोचीसकट. चिखलातली प्लास्टिकची पिशवीसुद्धा तितकीच ठसठशीत. आभाळ वाळायच्या आत खाली रंग भरल्यामुळे कडा एकमेकींत फुटलेल्या. माझी नजर कुठे ठरेना.

"यात जवळचं काय?" मी विचारलं.

"तेच ना मॅडम. सगळंच जवळ आहे. सर शिकवतात, पंखा कुरकुरतो, मागे कोणीतरी पेन टिकटिकवतं, सगळं एकाच ठिकाणाहून येतं. मागे काही जातच नाही."

आई बराच वेळ कागद बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे कुकरची शिट्टी झाली की उठून येतेस, ती काम टाळायला नाही?"

"अगं, मला वाटतं मलाच बोलावलंय."

चित्र काढून एडीएचडी बरा होत नाही, हे आईला स्पष्ट सांगितलं. औषधाचं डॉक्टरांशीच बोलायचं, माझ्या सांगण्यावरून सुरू नाही की बंद नाही. पण एक गोष्ट चित्रातून उचलता आली. जलरंगात कागदच वेळ सांगतो: चकाकी आहे तोवर रंग सोडा, चकाकी गेली की पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, नाहीतर फुलकोबीसारखा डाग पडतो. ती तिथे थांबते, कारण थांबायचं कधी ते डोळ्यांसमोर दिसतं. इतिहासाच्या धड्याला अशी चकाकी नसते. म्हणून आम्ही ती बाहेरून आणली. एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, द्यायचा आणि तो वाळेपर्यंत दोन पानं वाचायची. टेबलावर तेवढंच पुस्तक, आणि बसायचं दुसऱ्या खोलीत, जिथला पंखा कुरकुरत नाही.

जुलैत पंचाईत झाली. मुंबईच्या दमट हवेत वॉश वाळेचना, आणि बाईसाहेब पानं सोडून हेअर ड्रायर घेऊन बसल्या. मग घड्याळाचा गजर आणला.

परीक्षेत मार्क थोडे वाढले, फार नाहीत. भांडणं मात्र बरीच कमी झाली. ओहोटीची वेळ अजूनही तोंडपाठ असते, प्रोजेक्ट द्यायची तारीख नाही. ती आता आई फ्रिजवर लिहिते.

परवा दोघी येऊन गेल्या, तर छत्री माझ्याकडेच राहिलेली. मी फोन केला. "राहू द्या मॅडम," आई हसून म्हणाली, "या पावसाळ्यातली तिसरी आहे."