घरी टिअरड्रॉप कॅम्पिंग ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा, आत झोपायची सोय असलेला छोटा ट्रेलर) बांधायचा आहे. सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे द्यावं?

वजनाच्या विभागणीकडे आणि पाणी आत शिरू न देण्याकडे. सुतारकाम त्यामानाने सोपं आहे.

प्लायवुडची शीट ८ × ४ फुटांची मिळते, म्हणून त्याच मापाचा ट्रेलर कमी कापाकापीत होतो. दोघांना झोपायचं असेल तर मात्र ५ फूट रुंदी घ्याच.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा. कमी आला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागतो आणि ते खरोखर धोक्याचं आहे. टिअरड्रॉपमध्ये स्वयंपाकाचा ओटा मागे, वर उघडणाऱ्या झाकणाखाली असतो, त्यामुळे मागचा भार नकळत वाढतो. म्हणून एक्सल (चाकांचा आस) मध्यापासून थोडा मागे घ्या आणि बॅटरी, पाण्याची टाकी कुठे बसणार हे सांगाड्याच्या वेल्डिंगच्या आधीच ठरवा. ट्रेलर भरून, समपातळीत ठेवून पुढचं टोक वजनकाट्यावर टेकवलं की आकडा कळतो.

गळती बहुतेक वेळा मागच्या झाकणाच्या बिजागरीतून होते. तिथे अखंड लांबीची बिजागरी आणि कडेने रबरी गॅस्केट लावा. प्लायवुडच्या कापलेल्या कडा जोडणीपूर्वीच इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या पातळ रेझिनने) भिजवून घ्या. एकदा पाणी प्यायलेली कड आतून कुजत जाते आणि बाहेरून दिसतही नाही. बाहेरच्या कडांवर बसवायच्या पट्ट्यांखाली सिलिकॉनऐवजी ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा.

छताला झडप हवीच. दोघांच्या श्वासाने रात्रभरात भिंती ओलावतात. आणि शेगडी आत कधीही पेटवू नका.