मर्फी हे आडनाव मूळचं कुठलं, त्याचा अर्थ काय आणि आयर्लंडमध्ये ते इतकं का आढळतं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मर्फी म्हटलं की आजोबांचा रेडिओ आणि त्याच्या जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ आठवतं, आणि आता टीममध्ये एकदम दोन आयरिश मर्फी आलेत, ते एकमेकांचे नातेवाईक आहेत का हेही कळत नाही. मी गेली नऊ वर्षं आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्कला राहतोय. हा जिल्हा म्हणजे मर्फींचं आगरच. माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या मजल्यावर पाच मर्फी होते. मीही पहिल्याच आठवड्यात हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा पाचही जण हसले. नातेवाईक नव्हते.

आधी रेडिओचं मिटवून टाकतो. ती कंपनी आयर्लंडची नव्हे, इंग्लंडची. फ्रँक मर्फी आणि त्याच्या भागीदाराने ती १९२९ साली काढली. पुढे भारतातही हे रेडिओ बनू लागले, ठाण्यात कारखाना होता. आडनाव मात्र आयरिश समुद्रापलीकडचं, आणि रेडिओच्या कितीतरी शतकं आधीचं.

मूळ आयरिश रूप ‘ओ मुरखाद्हा’ असं लिहितात, आजच्या सुटसुटीत लेखनात ‘ओ मुरखू’. (हो, मलाही पहिल्यांदा ‘मूर्ख’ असंच ऐकू आलं होतं. तुमच्या सहकाऱ्यांना सांगू नका.) मुरखा हे जुन्या काळातलं पुरुषाचं नाव. त्यात ‘मुर’ म्हणजे समुद्र आणि ‘काह’ म्हणजे लढाई, थोडक्यात दर्यावर्दी लढवय्या. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. तेव्हा ओ मुरखू म्हणजे ‘मुरखाच्या वंशातला’.

आपल्याला हे जरा वेगळं वाटतं, कारण आपली निम्मी आडनावं गावावरून पडलेली. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचंच बघा. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, म्हणून वराडकर. आयरिश माणूस मात्र ‘कुठला?’ पेक्षा ‘कोणाचा?’ याला उत्तर देतो. आणि ही पद्धत फार जुनी. ओ क्लेरी या आडनावाच्या एका सरदाराच्या मृत्यूची नोंद ९१६ सालची आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावं युरोपात सर्वांत आधी रुजली त्या देशांत आयर्लंडचं नाव घेतात, ते यामुळेच.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. मर्फी इतके का? कारण मुरखा हे नाव त्या काळी फार लाडकं होतं. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे मुरखा होऊन गेले आणि प्रत्येकाच्या वंशजांनी आपापलं आडनाव त्याच्यावरून घेतलं. आग्नेय कोपऱ्यातल्या वेक्सफर्डमध्ये एक मोठं घराणं होतं. उत्तरेत टिरोनकडे दुसरं होतं, तिथे ‘ओ’ऐवजी ‘मॅक’ लागत असे. कॉर्कमधले काही मर्फी वेक्सफर्डहून सरकत आले असं मानतात. या सगळ्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. नंतर इंग्रज कारकुनांच्या हाती दप्तर गेलं आणि कानावर पडेल तसं लिहिलं गेलं. कुठे मर्फी, कुठे मॅकमरो, कुठे मॅकमॉरो. आपल्या पुण्याचं ‘पूना’ करणाऱ्यांचेच हे पूर्वज. म्हणजे निराळी घराणी एका स्पेलिंगखाली आली आणि एकच नाव असलेली काही घराणी निरनिराळ्या स्पेलिंगांत विखुरली. म्हणून मर्फी हे एक कूळ समजू नका. भांड्यांवर जशी एकाच छापाची नावं घालून मिळतात, तसा तो छाप आहे.

‘ओ’ कुठे गेला? इंग्रजी सत्ता घट्ट होत गेली तसतसे सतराव्या-अठराव्या शतकात हे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून पडले. त्याच्याही आधी, १४६५ मध्ये, डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी अमलाखालच्या पट्ट्यातल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यावीत असा कायदाच झाला होता. एखाद्या गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं नाव घ्या, म्हणजे व्हाइट, ब्राउन, स्मिथ, कुक असं काहीही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली तेव्हा अनेकांनी आपला ‘ओ’ परत मिळवला, म्हणून आज ओ'ब्रायन, ओ'सलिव्हन, ओ'कॉनर सर्रास दिसतात. मर्फींनी मात्र तो कधी परत घेतलाच नाही. ओ'मर्फी असं कुणाच्या दारावर मी अजून वाचलेलं नाही. आयरिश भाषेत लिहायचं झालं तरच ‘ओ मुरखू’ बाहेर येतं, आणि मग आणखी एक गंमत. बाईचं आडनाव बदलतं. मुलगी असेल तर ‘नी वुरखू’, लग्न होऊन त्या घरात आलेली असेल तर ‘ई वुरखू’. आपल्याकडे पूर्वी पाटलीण, देशमुखीण म्हणत त्याची आठवण येते. फक्त इथे माहेर-सासरही आडनावातच कळतं.

आकडे हवे असतील तर जुना पण भरवशाचा आकडा १८९० सालच्या जन्मनोंदींवर केलेल्या सरकारी अहवालातला. त्यात मर्फी पहिले, अंदाजे ६२,६००, आणि त्यांच्या मागे केली, सलिव्हन, वॉल्श. तो पहिला नंबर आजतागायत सुटलेला नाही. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्या जहाजांतून मर्फी अमेरिकेत गेले. २०१० च्या अमेरिकी जनगणनेत ते तीन लाखांहून जास्त होते. इंग्रजी बोलीत तर बटाट्यालाच ‘मर्फी’ म्हणत, तेही दुष्काळाच्या आधीपासून, ही क्रूर थट्टा म्हणायची. ‘जे बिघडू शकतं ते बिघडणारच’ हा नियमही १९४९ साली कॅलिफोर्नियाच्या हवाई तळावर काम करणाऱ्या एडवर्ड मर्फी या इंजिनिअरच्या नावावर पडला.

या नावाच्या इतिहासात एक काळा डाग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेन्स्टर या पूर्वेकडच्या प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो, म्हणजे मुरखाच्याच नावाचा वारसा सांगणारा. ११६६ मध्ये त्याला राज्यातून हाकललं, तर तो थेट इंग्लंडच्या राजाकडे मदत मागायला गेला. ११६९ मध्ये नॉर्मन सैनिक वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढची शतकं आयर्लंडने ते भोगलं. इथे त्याचं नाव आपल्याकडच्या सूर्याजी पिसाळासारखं घेतात. पण त्याच वेक्सफर्डमध्ये १७९८ च्या उठावात फादर जॉन मर्फी नावाचे धर्मगुरू लोकांना घेऊन उभे राहिले आणि फासावर गेले. इथल्या लोकांना दोन्ही पाठ असतात. पबमध्ये कुणी डर्मटचं नाव काढलं की दुसरा लगेच फादर मर्फींचं काढतो.

एकाच गावात इतके मर्फी असले की ओळखायचं कसं? खेड्यांत लावतात टोपणनाव: लाल केसांचे ते ‘रुआ’, गोरे-पांढरे ते ‘बान’, थोरला ‘मोर’, धाकटा ‘ओग’. आपल्याकडे एकाच आडनावाच्या घरांत ‘वाड्यावरचे’, ‘विहिरीवरचे’ म्हणतात तसंच. माझ्या ऑफिसात इतकी कल्पकता नव्हती, तिथे ‘क्यूएतला मर्फी’ आणि ‘गोदामातला मर्फी’ एवढ्यावरच भागायचं.

एक सल्ला देतो. पर्यटकांच्या दुकानांत मर्फी घराण्याचं कुलचिन्ह छापलेले कप आणि टॉवेल मिळतात, कुणाला भेट म्हणून ते घेऊ नका. कुलचिन्ह एखाद्या माणसाला आणि त्याच्या वंशजांना दिलेलं असतं, आडनावाला नाही. सहकाऱ्याला खरंच काही शोधायचं असेल तर १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची कागदपत्रं नेटवर फुकट बघता येतात. त्याआधीची बरीचशी गेली. काही १९२२ च्या आगीत जळाली, काही सरकारने आधीच रद्दीत काढली होती. म्हणून नुसतं ‘मर्फी’ टाकून शोधलं तर हजारोंनी नावं येतील. पणजोबाचं पहिलं नाव, पॅरिश (म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत घर होतं ते) आणि जमल्यास ते टोपणनाव घरच्या म्हाताऱ्यांकडून आधी काढून घ्यायला सांगा. तुमच्या दोघांनाही आधी ‘जिल्हा कुठला?’ विचारा. एक कॉर्कचा निघाला आणि दुसरा पार उत्तरेतल्या आर्माचा, तर नात्याचा विषय तिथेच संपला.