तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. संध्याकाळ झाली की 'हे कधी येणार?' असं सतत विचारतात. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. माझा संयम सुटतो, मग अपराधी वाटतं. काय करू?

उत्तर : 'आत्ताच तर सांगितलं!' हे वाक्य आधी सोडा. या आजारात नवी माहिती मेंदूत टिकत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी तो प्रश्न दर वेळी पहिलाच असतो. मृत्यूची बातमी प्रत्येक वेळी सांगितलीत, तर दुःखही प्रत्येक वेळी नवं. खोटी वेळही देऊ नका, त्या दाराकडे डोळे लावून बसतील. 'बाबांची आठवण येतेय ना? त्यांना जेवायला काय आवडायचं?' असं विचारा. मग हाताला काम द्या : मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं. काम नीट झालं नाही तरी त्यांच्यासमोर दुरुस्त करू नका.

दिवेलागणीला अस्वस्थता वाढते. अंधार पडायच्या अर्धा तास आधीच दिवे लावा, टीव्ही बंद ठेवा, दुपारनंतरचा चहा टाळा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा शरीरात पाणी कमी होणं अशी कारणं असू शकतात. तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवा.

तुमचा संयम सुटतो तो बहुधा थकव्यामुळे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्यांच्याजवळ बसायलाच हवं. हे मागायला संकोचू नका. जो बसेल त्याला 'तू होतास म्हणून मला तासभर झोप मिळाली' असं नेमकं सांगा. नुसत्या 'थँक्यू'पेक्षा ते जास्त पोहोचतं.