गवताचा पूल आणि त्याचे वय

प्रश्न : पेरू देशात इंका काळापासूनचा, म्हणजे 500 वर्षांहून जुना, गवताचा झुलता पूल असल्याचे वाचनात आले. ते ऐकून माझ्या नातवाने विचारले, ‘आजोबा, गवत तर पावसात कुजते, मग पूल जुना कसा?’ मला उत्तर देता आले नाही. हा पूल जुना मानावा का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नातवाची शंका अगदी रास्त आहे. कुस्को विभागातील केवे या डोंगराळ गावाजवळ आपुरिमाक नदीच्या घळीवर ताणलेला हा सुमारे 28 मीटर लांबीचा पूल, म्हणजे केस्वाचाका, सहसा एका वर्षाहून जुना नसतो. दर जून महिन्यात परिसरातील केचुआ भाषक चार गावे एकत्र येतात, पृथ्वीमातेला आणि पर्वतदेवतांना नैवेद्य अर्पण करतात, आणि तीन दिवसांत जुन्या पुलाच्या जागी नवा पूल बांधतात. जुना पूल कापून नदीत सोडला जातो.

कामाची वाटणी ठरलेली असते. गवत कुटून, भिजवून मऊ केले, की बायका त्याच्या बारीक दोऱ्या वळतात. त्या दोऱ्यांचे जाड दोर पुरुष वळतात, आणि शेवटी वेणीसारखे गुंफलेले सहा भक्कम दोरखंड तयार होतात. त्यांपैकी चार पायाखाली जातात, दोन हातांच्या आधारासाठी राहतात. हे सारे जाणत्या कारागिरांच्या देखरेखीखाली चालते आणि मुले ते पाहत, हात लावत शिकतात.

त्यामुळे जुनी आहे ती विद्या. युनेस्कोने 2013 साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, तीही या वार्षिक नूतनीकरणाशी निगडित ज्ञानाची, कौशल्यांची आणि विधींची. आपल्याकडे पोळ्याला बैलाची वेसण आणि कासरा नवा येतो, म्हणून पोळा नवा ठरत नाही. मला ही तुलना योग्य वाटते, फरक एवढाच की केवेच्या दोरांवर माणसांचा जीव तोललेला असतो. महासाथीमुळे 2020 साली नूतनीकरण झाले नाही, आणि मार्च 2021 मध्ये जीर्ण पूल कोसळला. वाहनांसाठी जवळच दुसरा पूल असल्याने गावांचे दळणवळण थांबणार नव्हते, तरीही त्याच वर्षीच्या जूनमध्ये गावकऱ्यांनी गवताचा पूल पुन्हा उभारला. मला या परंपरेतील ही घटना सर्वांत मोलाची वाटते.

नातवाला हे हातांनीच समजावून सांगता येईल. बोहरी आळीतून थोडा काथ्या आणावा, त्याच्या दोन पेडांना एकाच दिशेने पीळ द्यावा आणि मग ते दोन्ही पेड एकमेकांभोवती उलट दिशेने वळावेत. सुटू पाहणारा प्रत्येक पीळ दुसऱ्याला घट्ट धरतो, म्हणून गाठ न मारताही दोरी उलगडत नाही. केवेच्या बायकांच्या तळहातांतही हेच घडते.