नाव धुऱ्यावरून हाकारून पाहा

बेटा,

तुझी यादी मिळाली. मुलगा झाला तर रेयांश, अयांश, शिवांश. मुलगी झाली तर आर्वी. आजोबांनी सुचवलेलं गजानन तू 'जुनाट' म्हणून खोडलंस. माझीही नावड सांगून टाकतो: शेवटी 'अंश' आलं की मला पुढचं ऐकू येत नाही. हल्ली वर्गात एकाला पुकारलं की तिघं 'हजर' म्हणतात. पण पोरगं तुझं आहे, माझ्या कानाचं फार मनावर घेऊ नकोस.

उकंडराव म्हटलं की तू हसतोस; उकंडा म्हणजे उकिरडा ना. आधीची लेकरं दगावली म्हणून आईबापानं मुद्दाम असं ओंगळ नाव ठेवायचं, जगावं एवढ्यासाठी. असं नाव असलेल्या माणसासमोर तरी हसू नकोस.

नाव पत्रिकेवर छापून पाहण्याआधी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाकारून पाहा. आपल्याकडे ण चा न होतो, ळ चा य होतो, आणि पोराच्या नावाला 'या' चिकटतोच. विहानचा विहान्या होणार, प्रणवचा परन्या. ते ऐकून तुझं तोंड वाकडं होत असेल, तर ते नाव सोड. आर्वी ऐकायला गोड आहे, पण आपण वर्धा जिल्ह्यातले, आणि आर्वी हे इथलं तालुक्याचं गाव. 'आर्वीची गाडी लागली का वं?' हे पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. पुण्यातल्या आर्वीला हा ताप नाही.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. चारही एका दमात म्हणून पाहा. जीभ कुठं अडखळते ते लगेच कळतं. जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करून टाक. नाव मात्र वर्षभरात फी न भरता टाकता येतं, म्हणून राशीच्या अक्षरावरून घरात भांडण पेटवू नकोस. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरव. अंकशास्त्रवाल्यानं सांगितलं म्हणून जास्तीचा 'ए' घातलास, तर दाखल्यावर एक नि आधारवर दुसरं, आणि तालुक्याच्या चकरा तुलाच.

दुसऱ्याच्या बारशात मात्र 'छान आहे' म्हणायचं आणि घुगऱ्या खायच्या.

आत्याला नाव आधीच पाठ करून दे. पाळण्यापाशी तिला कागद काढावा लागला, तर ती पुढच्या बारशापर्यंत बोलून दाखवेल.

तुझा,
गुरुजी