सूत्र पाठ आहे, पण कशावरून?

प्रश्न : पुण्यातल्या बी.एड. महाविद्यालयात विज्ञान अध्यापन पद्धती शिकवते. छात्राध्यापक प्रयोग नीट करतात, पण निष्कर्ष पुस्तकातलाच उतरवतात. ‘कशावरून?’ विचारलं की गप्प. काय करावं?

उत्तर : सूत्राशी न जुळणारी निरीक्षणं त्यांच्याच हातून येऊ द्या. साधा दोलक, म्हणजे दोऱ्याला टांगलेलं वजन, पुरतो. त्याचं सूत्र सांगतं : एका आंदोलनाचा (एकदा जाऊन परत येण्याचा) वेळ लांबीवर ठरतो, वजनावर नाही. जाड दोरा आणि साधारण २ सेंमी रुंदीचे सारखे नट घ्या. बोहरी आळीत सहज मिळतील. दोऱ्याचं वरचं टोक टेबलाच्या कडेला पट्टीखाली घट्ट दाबा. सैल राहिलं तर लांबी हळूहळू बदलते.

‘वजन वाढवलं तर वेळ बदलेल?’ याचा अंदाज आधी पेनानं लिहून घ्या. पेन्सिलीनं नको, नंतर खोडतात! आधारापासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंमी ठेवून १० आंदोलनं मोजा. सुमारे १० सेकंद लागतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं की नऊच आंदोलनं मोजली जातात. दोऱ्याचा उभ्या रेषेशी कोन १५ अंशांच्या आत.

आता आणखी दोन नट लावायला सांगा, कसे ते सांगू नका. बरेच जण एकाखाली एक अडकवतात आणि वेळ १०.४ सेकंदांच्या आसपास येतो. सूत्र पाठ असलेले म्हणतात, ‘घड्याळ दाबताना चूक झाली.’ इथे थांबा. ती चूक असेल तर वेळ कधी कमी, कधी जास्त यायला हवा. दोन्ही मांडण्यांची पाच-पाच मोजमापं फळ्यावर लिहा. एक नट १० च्या आगेमागे, तीन नट दर वेळी वर, असं दिसलं की घड्याळाची सबब टिकत नाही. मग ‘वजनाशिवाय आणखी काय बदललं?’ एवढंच विचारा. वस्तुमानमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतो तो बिंदू) २ सेंमी खाली गेला, म्हणजे लांबी वाढली, हे कुणीतरी पट्टी लावून शोधतंच. वेळ लागला तरी उत्तर देऊ नका. शेवटी तिन्ही नट एकाच गाठीत, मध्य पुन्हा २५ सेंमीवर येईल असे बांधून मोजा. वेळ १० वर येतो.

प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’च्या आधी दोन रकाने वाढवा : ‘काय स्थिर ठेवलं?’ आणि ‘हा निष्कर्ष कशानं चुकला असता?’ दुसरा रकाना सुरुवातीला कोराच येतो.

जमलं का, हे दोलकावर तपासू नका. ओली मटकी उन्हात, कोरडी कपाटात. ओलीला मोड आले, म्हणून मोडांना ऊन लागतं. या निष्कर्षातली खोट काढायला सांगा आणि तिसरी वाटी कशी ठेवाल ते विचारा. ‘ओली, कपाटात’ असं उत्तर कारणासह आलं तरच गुण द्या.